खाऱ्या वाऱ्यातला राउटर

म्हसळ्याच्या दुकानदाराने मला पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, कंप्युटर कुठला हाय तुमचा?" आणि माझं डोकं फिरलं. मी राउटर घ्यायला गेले होते, कंप्युटर घ्यायला नाही. भावाने मुंबईहून फोनवर सांगितलेलं वाक्य मी बसमध्ये घोकत आले होते, सगळ्यात नवा आणि सगळ्यात ताकदवान घे, चार दांड्यांचा, म्हणजे अँटेनांचा. तेच मी त्याला ऐकवलं. पांढऱ्या दाढीचा, जाळीची टोपी घातलेला तो माणूस आखातात पंधरा-वीस वर्षं वायरी ओढून गावी परतला होता. "नवा तं देतो. पन त्याचं आनि कंप्युटरचं जमाय पायजे ना," म्हणाला. "जमेल. तुम्ही द्या," मी म्हणाले. त्याने निमूट खोका काढून दिला.

राग माझ्या नाकावरच असतो. आई म्हणायची, ही पोर भांडायला निघाली की भांडणाचं कारण वाटेत शोधते. पण त्या मंगळवारी कारण शोधायची गरज नव्हती, ते आदल्या दिवशीच मिळालं होतं.

मी घरून काम करते. दवाखान्यातले डॉक्टर रुग्णांविषयी जे बोलून ठेवतात ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, असं काम. ऑफिस मुंबईत. श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर यांच्या मधल्या आमच्या गावात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मी दोन वर्षांपूर्वी ऑफिसचा कंप्युटर घेऊन परत आले ती बाबांच्या डोळ्यांसाठी. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात. ते एकटे राहत होते तेव्हा फोनवर विचारलं की "घातले" म्हणायचे, आणि मी विश्वास ठेवायचे. मग एका मे महिन्यात आले तर फळीवर औषधाच्या तीन बाटल्या ओळीने उभ्या, तिन्हींची सीलं तशीच. डावा डोळा तोवर गेला होता. उजवा अजून आहे, अर्धामुर्धा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा टिकवायचा असेल तर थेंब चुकता कामा नये, एकही दिवस नाही. भावाने त्यांना मुंबईला नेऊन बघितलं. आठव्या दिवशी ते बस पकडून परत आले. शेजारणीला सांगून बघितलं, पण ती पहाटे मासे घेऊन बाजाराला जाते ती दुपार टळल्यावर येते. म्हणून मी.

तर सोमवारी ऑफिसचं पत्र आलं. तुमची लाईन काम चालू असताना वारंवार तुटते. गुरुवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर तासभर तपासणी होईल. त्या तासात लाईन एकदा जरी तुटली तरी पुढच्या महिन्यापासून तुम्ही ऑफिसात येऊन काम करावं. पत्राची भाषा गोड होती. मला त्यात फक्त फळीवरच्या त्या तीन बाटल्या दिसल्या.

लाईन का तुटते हे शोधायला लांब जावं लागलं नाही. पडवीतल्या फळीवरचा जुना राउटर उलटा केला तर वायर खोचायच्या जागी हिरवट पूड साचलेली. खारं, समुद्रावरची खारी हवा. आमच्याकडे ते कुणालाही सोडत नाही. कडी, बिजागरी, पंख्याची पाती, सगळ्यांना खातं. त्याच दुपारी राउटरने शेवटचा दिवा मिचकावला आणि गप्प झाला.

"उघडं ठेवलंस तं खारं खानारच त्याला," बाबा खाटेवरून म्हणाले. "बोटीवर कोन असं यंत्र उघडं ठेवतं काय?"

बाबांनी चाळीस वर्षं बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त केली. कान तेव्हाच अर्धे गेले. त्यांच्या लेखी समुद्राकाठी यंत्र टिकवायचा एकच उपाय, झाकणाच्या डब्यात ठेवा. पडवीतल्या त्या फळीवर त्यांचे बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे रांगेने उभे असतात. एकात नट, एकात वायसर, एकात रेडिओ. होय, रेडिओसुद्धा. ऐकायचा तेव्हा बाहेर काढायचा, ऐकून झाला की परत आत. एकच डबा फळीवर नसायचा. तो त्यांच्या खाटेखाली असायचा, आईचा. त्याला हात लावायची आम्हां कुणाला परवानगी नव्हती. आई जाऊन नऊ वर्षं झाली. एकदा भावाची बायको केर काढताना तो डबा सरकवायला गेली, तर बाबा तिच्यावर असे ओरडले की ती दुसऱ्या दिवशीच बॅग भरून निघाली.

"बाबा, हे इंजिन नाही," मी म्हणाले. "आणि मला गुरुवारी परीक्षा आहे. ती चुकली तर मला मुंबईला जावं लागेल."

"जायाचं तं जा," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "माझं काय आडलंय?"

मलाही तेच पाहिजे होतं, रागवायला. मी तरातरा आत गेले आणि भांडी आपटली.

म्हणून मंगळवारी म्हसळा. संध्याकाळी सहाचे थेंब घालून मी नवा राउटर फळीवर बसवला. चारही दांड्या उभ्या केल्या. दिवे लागले. मोबाईलवर लगेच नेट आलं, इतकं वेगाने की मी एकटीच हसले. मग माजघरात जाऊन कंप्युटर लावला. नेटच्या यादीत काहीच नाही. बंद करून चालू केला. काहीच नाही. चार खोल्यांच्या घरात मोबाईलला जो राउटर दिसत होता, तो माझ्या कंप्युटरच्या लेखी जन्मालाच आला नव्हता.

कंप्युटर जुना, ऑफिसचा, त्यात रुग्णांची माहिती म्हणून त्याला कुलपं घातलेली. त्यात नवं काही बसवायला गेलं की तो नकार देतो. नेट पकडायला त्याच्या पाठीला अंगठ्याएवढा एक तुकडा खोचलेला, तोही ऑफिसनेच दिलेला. थेट तार जोडायची म्हटली तर तारेचं भोक पहिल्याच पावसाळ्यात खाऱ्याने खाल्लं होतं. ते मी ऑफिसला कळवलंही नव्हतं. कळवलं तर म्हणतील, कंप्युटर घेऊन या, आणि एकदा गेले की परत पाठवतील याची खात्री कोण देणार? मोबाईलच्या रेंजवर काम भागवावं, तर ती आमच्याकडे विहिरीच्या काठावर उभं राहिलं तरच मिळते, आणि तीही वाऱ्याची मर्जी असेल तर.

बुधवारी सकाळी पहिल्या बसने परत म्हसळ्याला गेले. बाबांना सहाचे थेंब घालून निघाले होते, बाराच्या आत परतायचं होतं. दुकान अजून उघडायचं होतं. पायरीवर खोका मांडीवर घेऊन बसले तेव्हा मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं, खराब माल देता का वगैरे. दुकानदार आला, खोका बघितला आणि काहीही न बोलता शेजारच्या टपरीवर दोन चहा सांगितले. त्याने "मी सांगितलं होतं" म्हटलं असतं तर मी भांडले असते. तो म्हणाला नाही. त्यामुळे माझी पंचाईत झाली.

"आता सांगा," तो म्हणाला. "कंप्युटर कुठला?"

मी सांगितलं. ऑफिसचा, उद्या अकराला त्यावर तपासणी, किती जुना, पाठीला कसला तुकडा खोचलाय, त्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय. त्याचा मी आदल्या संध्याकाळी फोटो काढून ठेवला होता. त्याने चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्याला लावला.

"ह्यो तुकडा जुनी लहर पकडतो, एकच," तो म्हणाला. "नव्या राउटरला दोन लहरी असतात. तुमचा ह्यो राउटर नव्या लहरीकडंच जास्त धावतोय. आनि त्याचं कुलूप पन नवं हाय. तुमच्या कंप्युटरकडं त्या कुलपाची चावीच न्हाय, मंग तो दार तरी कुठनं बघनार?"

"मग कंप्युटरचा तुकडा बदलू?"

"ऑफिस बसवू देईल?"

"नाही."

"मंग ह्या राउटरला बदलून बघता येतं. आतमधी शिरून जुनी लहर वेगळी करायची, कुलूप जुनं लावायचं. पन हा स्वतःहून नवं काय काय उतरवून घेतो. उद्या साडेअकराला घेतलं आनि परत पहिल्यावानी झाला, तं मी जबाबदार न्हाय." त्याने मागच्या फळीवरून एक छोटासा, दोन दांड्यांचा खोका काढला. त्यावरची धूळ बाहीने पुसली. "ह्यो घ्या. ह्याला कोन इचारत न्हाय. दिसायला गरीब, पन जुन्याशी जुन्यावानी बोलतो. मजबूत भिंती असतील तरी जुनी लहर आत शिरते. घर चिऱ्याचं हाय ना?"

"चिऱ्याचंच."

"मंग हाच. इन्शाल्ला चालेल."

चालला. दुपारी पावणेबाराला मी घरात शिरले. पडवीत हातोडी आणि एक खिळा पडला होता, त्याला ठेच लागली, म्हणून आधी त्यावर चिडले. मग बाबांना थेंब घातले, मग राउटर लावला. कंप्युटरने त्याला पहिल्या झटक्यात ओळखलं. संध्याकाळपर्यंत मी काम केलं, एकदाही तुटलं नाही. बाबा दोनदा पडवीत जाऊन फळीखाली उभे राहिले. मान वर करून उजव्या डोळ्याने दिवे बघत होते.

"ह्यो पन उघडाच ऱ्हानार?" त्यांनी विचारलं.

"हो, उघडाच राहणार. त्याला हात लावू नका," मी म्हणाले. तेही ओरडून, कारण हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही आणि मला हळू बोलता येत नाही.

गुरुवारी सकाळी आठला लाईन बघितली, उत्तम. दहा वीसला पुन्हा बघितली, उत्तम. मग आंघोळीला गेले. व्हिडिओवर दिसायचं म्हणून केस विंचरले, बऱ्यापैकी कुडता घातला. वीस मिनिटांत परत येऊन कंप्युटरसमोर बसले तर कोपऱ्यातल्या खुणेवर फुली.

दहा चाळीस.

तुकडा काढून परत खोचला. काही नाही. कंप्युटर बंद करून चालू केला. तो उघडायला सात मिनिटं घेतो आणि त्या सात मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही. तो उघडला. यादी रिकामी. मोबाईल बघितला, त्यावरही नाही. म्हणजे कंप्युटरचा दोष नव्हता. त्या घाईत मला वाटलं, लाईनच गेली.

आमच्याकडे नेटची वायर खांबावरून येते ती नारळांच्या मधून. एखादी झावळ पडली की गेली, माकडांनी ओढली की गेली. मी अनवाणी धावत सुटले, मान वर करून, वायरीच्या खालून थेट रस्त्यापर्यंत. वायर ठीक होती. जिथे आमच्या पोफळींना टेकते तिथेही ठीक होती. परत फिरले तेव्हा मी चक्क रडत होते. मला दिसत होतं ते असं: मी मुंबईत कुठल्यातरी पंख्याखाली बसले आहे, बारा वाजलेत, मी फोन करून विचारते आहे, थेंब घातले का? आणि पलीकडून आवाज येतो, "घातले."

दहा त्रेपन्न. पडवीत बाबा खाटेवर बसले होते, हात मांडीवर ठेवून, जरा ताठ. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. राउटर बंद करून चालू करावा म्हणून फळीकडे हात केला, आणि हात हवेतच राहिला. राउटर नव्हता. नेहमीची डब्यांची रांग होती. दोनदा त्या फळीखालून मी धावत गेले होते आणि मला काही खटकलं नव्हतं, कारण लहानपणापासून त्या फळीवर मी डबेच बघत आले आहे.

शेवटच्या डब्याच्या अंगाला बारीक भोकं होती, ओळीने पाडलेली. त्यातून हिरवा उजेड लुकलुकत होता.

मी डबा ओढला. झाकण घट्ट होतं, नखं मोडली तेव्हा निघालं. आत राउटर, दांड्या दुमडून बसवलेला. वायरी बाहेर यायला काठाला खाच पाडलेली, पत्रा कापू नये म्हणून खाचेला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेलं. ओल खेचायला शेजारी तांदळाची पुरचुंडी. पत्र्याच्या डब्यातून लहर बाहेर पडत नाही हे त्यांना कोण सांगणार? बोटीवरच्या कुठल्या यंत्राला हवेतून बोलायचं होतं?

पण तेव्हा मी हा विचार केला नाही. तेव्हा मी ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हांला शहाणपण करायला? हात लावू नका म्हटलं होतं ना? माझी नोकरी घालवायची आहे का तुम्हांला?" बाबांनी तोंड उघडलं. "खारं लागंल म्हनून..." एवढंच बोलले. मी झाकण जमिनीवर भिरकावलं, राउटर बाहेर काढून फळीवर आपटला आणि आत पळाले.

दहा अठ्ठावन्न. फुली गेली.

तो तास मला नीट आठवत नाही. पडद्यावर एक तरुण मुलगी होती, माझ्या निम्म्या वयाची, शांत. ती बोलायची, मी टाइप करायचे, ती वेळ टिपायची. एकदा तिचं तोंड उघडं असतानाच चित्र थिजलं. मी मनात आकडे मोजले. चारवर ती पुढे बोलू लागली. बारा वाजता ती म्हणाली, "ठीक आहे, मॅडम. तुमचं घरूनच चालू ठेवायला हरकत नाही." मी आभार मानले. कंप्युटर बंद केला.

मग थेंबांची वेळ झाली म्हणून बाटली घेऊन पडवीत आले.

बाबा तसेच बसले होते. मी भिरकावलेलं झाकण त्यांच्या पायाशी उपडं पडलं होतं. ते उचललं, उलटं केलं. त्यावर दोन पोपट होते. रंग उडालेले, एकाची चोच गंजलेली.

आईचा डबा.

मी त्यांच्या खाटेकडे बघितलं. उशाशी टॉवेल पसरलेला होता आणि त्यावर सगळं ओळीने मांडलेलं होतं. एका काडीचा चष्मा. दोन काळे मणी आणि तुटलेला दोरा. सुई टोचलेलं दोऱ्याचं रीळ. फणी, तिच्या दातांत अजून दोन-तीन पांढरे केस. नऊ वर्षं ज्याला कुणाला हात लावू दिला नाही, त्या डब्याला अर्ध्या डोळ्याच्या माणसाने खिळ्याने भोकं पाडली होती, एकेक चाचपून, ओळ सरळ ठेवून.

"दुसरे एवढे डबे होते ना, बाबा," मी म्हणाले. पहिल्यांदाच हळू. "हाच कशाला?"

त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा विचारलं.

"ते गळके हायत," ते म्हणाले. "ह्याचं झाकन घट बसतं." मग म्हणाले, "तिच्या वस्तूंना आता काय व्हायाचंय? गंजल्या तं गंजल्या. तुझं यंत्र गंजलं तं तू जाशील."

आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि डबा मांडीवर घेतला. तळाशी जुन्या पातळाचा तुकडा अंथरून एकेक वस्तू आत ठेवू लागले. त्यांनी हात पुढे केला आणि फणी स्वतः ठेवली, केसांसकट. झाकण लावलं. भोकांना आतून चिंधी लावायची ठरली.

"आनि त्याला खारं लागलं तं?" त्यांनी फळीकडे मान केली.

"लागू दे. मी दुसरा आणीन. म्हसळ्याला मिळतो." मग मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी कुठे जात नाही. ऑफिसने हो म्हटलंय."

त्यांनी मान हलवली. डबा खाटेखाली पायाने सरकवला, नेहमीच्या जागी. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी बाटलीचं झाकण काढलं.

"वर बघा," म्हटलं. त्यांनी बघितलं.